पालकमंत्री साहेब, उंदीर नेमका कुणाच्या हद्दीत येतो?

मा. पालकमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

आपल्या जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या हद्दीत, बाजारपेठेच्या मागच्या आळीत मी राहते. घरी शिवणकाम करते, फॉल-पिको, ब्लाउज, परकर. घरपट्टी आणि पाणीपट्टी वेळेवर भरते, पावत्या जपून ठेवल्या आहेत. आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

पत्रास कारण की, गेल्या आठवड्यात माझ्या सासूबाईंच्या पायाचा अंगठा उंदराने कुरतडला. त्यांना कित्येक वर्षांपासून शुगर आहे. पायाला आधी मुंग्या यायच्या, आता काहीच कळत नाही. गरम फरशीवर उभ्या राहिल्या तरी समजत नाही, तर झोपेत उंदीर काय समजणार? सकाळी मी चादर झटकायला गेले तेव्हा रक्त दिसलं. अंगठ्याच्या टोकाची कातडी कडेकडेने खाल्लेली होती, पोळीचा कोपरा खावा तशी. त्या म्हणाल्या, "काय गं झालं?" त्यांना आम्ही सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी टीटीचं इंजेक्शन दिलं, ड्रेसिंग केलं आणि सांगितलं की शुगरच्या पेशंटची जखम लवकर भरत नाही, लक्ष ठेवा, आणि रात्री जाड मोजे घालून झोपवा. म्हणजे उंदराने आधी मोजा कुरतडायचा, तोवर आम्ही जागे व्हायचं, असा एकूण बंदोबस्त.

आता आपल्याकडे येते. भाजीमंडईच्या भूमिपूजनाला आपण आमच्या गावी आला होतात. माईकवरून म्हणालात की बाजारपेठेमागचं गटार पावसाळ्याआधी बंदिस्त करून देतो, हा माझा शब्द आहे. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. पावसाळा येऊन गेला. गटार उघडंच आहे. मंडईच्या भूमिपूजनाची कोनशिला मात्र छान आहे, तिच्यामागे घुशीने बीळ केलंय.

हे गटार कसं आहे ते आपल्याला गाडीतून दिसलं नसेल. एका बाजूला धान्याचं गोदाम, दुसऱ्या बाजूला आमच्या घरांच्या मोऱ्या. कोपऱ्यावर चायनीजची गाडी लागते, ती रात्री उरलेला भात नि नूडल्स गटारातच ओतते. उंदरांना आणखी काय पाहिजे? एका अंगाला कोठार, मधे खाणावळ आणि पलीकडे झोपायला आमचं घर. मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सात-आठ पिल्लं, ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः व्यायला तयार. आपण शब्द दिलात तेव्हापासून किती पिढ्या झाल्या असतील त्याचा हिशोब आपल्या स्वीय सहायकांना करायला सांगा.

नगरपरिषदेत आरोग्य विभागाच्या साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे समजावलं, "बाई, गटारातले उंदीर आमचे. घरातले तुमचे." माझ्या मोरीची जाळी कुरतडून गटारातला उंदीर घरात येतो, तेव्हा नेमक्या कुठल्या फरशीवर तो आपली जबाबदारी सोडून माझ्या जबाबदारीत शिरतो, हे मी विचारलं. उत्तर मिळालं, "मांजर पाळा ना."

मांजर होतं साहेब. सोनी नाव होतं तिचं, पांढरी-पिवळी. लहान उंदीर ती धरायची, आणून दारात ठेवायची. पण घूस दिसली की ही मशीनवर चढून बसायची. घूस म्हणजे काय साधा उंदीर आहे का? अंगाने मांजराएवढी, फुरफुरत अंगावर येते. न्यूयॉर्कमध्ये संशोधकांनी कचऱ्याच्या एका केंद्रात भटकी मांजरं आणि उंदीर यांच्यावर 79 दिवस कॅमेरे लावून ठेवले होते. 2018 साली त्याचा निष्कर्ष छापून आला. तेवढ्या काळात मांजरांनी मारलेले उंदीर किती? दोन. माझ्या भाच्याने मोबाईलवर वाचून दाखवलं. मांजर आल्यावर उंदीर लपतात, दिसेनासे होतात, आणि माणसाला वाटतं कमी झाले. आपल्या आरोग्य विभागाचं धोरण या दोन उंदरांवर उभं आहे.

तरी मी तक्रार अर्ज देत राहिले. शेवटी ठेकेदाराचा मुलगा आला. वीस-बावीस वर्षांचा, हातात मोजे नाहीत, प्लास्टिकच्या पिशवीत निळ्या वड्या. गटाराच्या कडेने, आमच्या ओट्याखाली, गोदामाच्या पायरीशी ठेवत गेला. फोटो काढले आणि गेला. त्या वड्यांवर नाव होतं ब्रोमॅडिओलोन. या औषधाने रक्त गोठत नाही. उंदीर तिथल्या तिथे मरत नाही, चार-पाच दिवस सुस्त होऊन हिंडतो. असा सुस्त उंदीर मांजराला सापडणारच. सोनीला सापडले. मग तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, पोट फुगलं. जनावरांच्या दवाखान्यात नेलं तर डॉक्टर लसीकरणाला खेड्यावर गेलेले. दुसऱ्या दिवशी भेटले तेव्हा म्हणाले, व्हिटॅमिन के वेळेत दिलं असतं तर वाचली असती. ओट्याखाली वड्या ठेवताना त्या मुलाने एवढं तरी सांगायला हवं होतं, की घरात मांजर-कुत्रं असेल तर सांभाळा. त्याला तरी कुणी सांगितलं होतं म्हणा.

उंदीरही मेले, नाही असं नाही. मेले ते माळ्यावर, पत्रा आणि सीलिंगच्या मधे, जिथे हात पोचत नाही. तो वास कसा असतो ते मी लिहीत नाही. गिऱ्हाइकं दारातूनच माप देऊन जायची एवढं सांगते.

मग आम्ही चिकट पुठ्ठे आणले. हे आपण कधी पाहिलेत का? नसतील तर नशीबवान आहात. रात्री दोन-अडीचला ओरडणं सुरू होतं. उंदीर चारी पायांनी चिकटलेला असतो, सुटायला धडपडतो तसा आणखी चिकटतो, तोंडही अडकतं. मरत नाही. मग त्याचं काय करायचं ते पुठ्ठ्याच्या पाकिटावर लिहिलेलं नसतं. मी बादलीत पाणी भरलं आणि पुठ्ठा उलटा धरला. पाण्यात बुडबुडे येतात. नवरा बाहेरच्या खोलीत पंखा मोठा करून बसला होता. दुसऱ्यांदा पुठ्ठ्यावर पाल चिकटली, तिसऱ्यांदा चिमणीचं पिल्लू, मग मी ते पुठ्ठे फेकून दिले. केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाने हे पुठ्ठे बंद करा म्हणून राज्यांना लिहिलेलं आहे. बाजारात किराणा दुकानात चहापत्तीशेजारी लटकत आहेत. बंदी घालायची तुम्ही, विकायचं दुकानदाराने आणि रात्री बादली धरायची मी.

त्यातून कुणीतरी सांगितलं की गोदामात वापरतात त्या गोळ्या आण, एका रात्रीत साफ. त्या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतला ओलावा लागला की विषारी वायू सुटतो, बंद खोलीत माणसं मरतात. सर्वसामान्य माणसाला त्या विकायच्याच नाहीत असा नियम आहे. आमच्या बाजारात मिळतात. मी आणल्या नाहीत, पण आळीतल्या कुणी आणल्या तर काय होईल, हा विचार मला झोपू देत नाही.

आणि पैठणीचं राहिलंच. गावातल्या एका बाईंनी मुलीच्या लग्नाची पैठणी फॉल-पिकोला दिली होती. येवल्याची, पदरावर मोर. मी ती कपाटात बंद करून ठेवली होती. उंदीर कपाटामागची प्लाय कुरतडून आत गेला. त्यांचे दात जन्मभर वाढत असतात, म्हणून कुरतडणं त्यांना चुकत नाही म्हणे. मोराच्या मानेशी दोन बोटं जातील एवढं भोक. रफूवाला म्हणाला, जरीवर रफू दिसणारच. त्या बाई काही वाईट बोलल्या नाहीत, नुसत्या पदर हातात घेऊन बघत राहिल्या. बावीस हजारांची साडी आहे, मी हप्त्याने फेडते आहे. एका ब्लाउजची शिलाई मला किती मिळते ते आपण घरी विचारून बघा.

तक्रारीचं काय झालं? ऑनलाइन दाखवतं, "निकाली". शेरा असा, की स्थळपाहणी केली, उपद्रव आढळला नाही. खाली सही त्याच साहेबांची, ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती. उंदराला मांजर साक्ष, दुसरं काय.

नाही म्हणजे, सरकारला उंदीर मारता येत नाहीत असं मी म्हणत नाही. मुंबईत महापालिकेची माणसं रात्रपाळीला काठी-बॅटरी घेऊन उंदीर मारत हिंडतात, रात्रीला माणशी तीस. त्यांच्या नोकरीचा मला हेवा वाटत नाही, पण निदान हे काम कुणाचं तरी आहे एवढं तिथे ठरलेलं आहे. आणि मंत्रालयात तर काय विचारता! मार्च 2018 मध्ये एकनाथ खडसेंनी विधानसभेत कागद वाचून दाखवला होता, सात दिवसांत 3,19,400 उंदीर मारले. मी तेव्हाच कागदावर भागाकार केला होता, मिनिटाला एकतीस-बत्तीस. नंतर खुलासा आला की हा आकडा उंदरांचा नव्हे, गोळ्यांचा. बरं, गोळ्यांचा. सात दिवसांत सव्वातीन लाख गोळ्या एका इमारतीला, आणि आमच्या अख्ख्या आळीला पिशवीभर वड्या. मंत्रालयातल्या फायली आमच्या सासूबाईंच्या अंगठ्यापेक्षा नाजूक असणार.

मोठ्या शहरांतही सगळं सोन्याचं आहे असं नाही. जून 2021 मध्ये घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयात अतिदक्षता विभागातल्या बेशुद्ध रुग्णाच्या डोळ्याजवळ उंदराने कुरतडलं होतं. तेव्हा चौकशी लागली, बातम्या आल्या. आमच्याकडे बातमी व्हायला बहुतेक डोळाच लागेल, अंगठ्याने भागत नाही.

दरवर्षी 3 जानेवारीला आपण सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालता. त्या कशाने गेल्या हे भाषणात कधी सांगता का? प्लेगने. 10 मार्च 1897. प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवलं आणि त्यातच स्वतः गेल्या. त्या साली पुण्यात रँडची माणसं प्लेगच्या नावाखाली लोकांच्या देवघरापर्यंत शिरायची, चाफेकरांनी त्याला गोळी घातली तो इतिहास आम्हाला शाळेत शिकवला. ते सरकार घरात घुसायचं. तुमचं सरकार दाराबाहेरच्या गटारापर्यंतही येत नाही. प्लेग म्हणजे जुनी गोष्ट म्हणू नका, 1994 साली बीडच्या मामला गावात आणि मग सुरतेत पुन्हा डोकं वर काढलं होतं. आणि 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने माणसं गेली, ती उंदराच्या लघवीनेच. आमच्या आळीत पावसाळ्यात घोटाभर पाणी असतं आणि मुलं त्यातूनच शाळेत जातात.

आता माझा खरा राग सांगते. पाणी गढूळ येतं, तर फिल्टर लावा. वीज जाते, तर इन्व्हर्टर घ्या. शाळेत शिकवत नाहीत, तर क्लास लावा. चोऱ्या होतात, तर कॅमेरा बसवा. उंदीर झाले, तर मांजर पाळा. ज्या ज्या कामासाठी आमच्याकडून पैसे घेता ते काम शेवटी आमच्याच घरात, आमच्याच खर्चाने, आणि बहुतेक वेळा बाईनेच करायचं. मग नगरपरिषद कशासाठी आहे? 1965 च्या कायद्यात गटारं साफ ठेवणं हे नगरपरिषदेचं कर्तव्य लिहिलेलं आहे, ऐच्छिक नव्हे, बंधनकारक. विचारायचं तर कुणाला? चार वर्षं गावाला नगरसेवकच नव्हता, प्रशासक होते. प्रशासकांना भेटायला गेलं की ते जिल्ह्याला मीटिंगला. डिसेंबर 2025 मध्ये एकदाच्या निवडणुका झाल्या. आमच्या वॉर्डात उमेदवारांनी घरोघरी साड्या वाटल्या अशी चर्चा आहे, मला मिळाली नाही. मिळाली असती तर पिकोला मात्र माझ्याकडेच आली असती.

मागण्या काय, त्या दोनच ओळींच्या आहेत. गटारावर झाकणं टाका आणि मोऱ्यांच्या तोंडाशी लोखंडी जाळी बसवून द्या. गोदामवाल्याला आणि चायनीजच्या गाडीला नोटीस द्या. विष घालणारच असाल तर कुलपाच्या पेटीत घाला आणि आधी दारोदार सांगा. एवढंच आहे, यासाठी कुठल्याही योजनेला कुणाचं नाव द्यायला लागत नाही.

सासूबाईंच्या ड्रेसिंगची बिलं आणि पैठणीची पावती सोबत जोडली आहे. कृपा करून हे पत्र "योग्य त्या कार्यवाहीसाठी" मुख्याधिकाऱ्यांकडे पाठवू नका. ते आरोग्य विभागाकडे पाठवतील, आरोग्य विभाग बांधकामाकडे, बांधकाम ठेकेदाराकडे, आणि ठेकेदाराचा तो मुलगा पुन्हा निळ्या वड्या घेऊन येईल. आमच्या घरात आता मांजर नाही. पण शेजारच्यांचं बाळ नुकतंच रांगायला लागलंय, आणि ते दिवसभर आमच्याच ओट्यावर असतं.

आपली,
बाजारपेठेमागच्या आळीतली एक करदाती