मुलाखतीचा सराव घेणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सादर नमस्कार. बँकेतून निवृत्त झाल्यावर तुमच्या शनिवारच्या संध्याकाळी सांगलीतल्या आमच्या प्रौढांच्या कॉमर्स वर्गाला दिल्यात, त्याचे हे जाहीर आभार.

तुम्ही पहिला हात घातलात तो बायोडाट्याला. इथला बायोडाटा म्हणजे लग्नाचं स्थळ. उंची, छंद, फक्त कुलदैवत तेवढं राहिलेलं. ते सगळं खोडून एका पानावर काम लिहायला लावलंत. ‘अडत दुकानात हिशेब पाहिले’ हे चालेना. दिवसाला किती पट्ट्या (मालाच्या वजन-भावाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) केल्या, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये काय नोंदवलं, बँकेचा ताळमेळ कधी घातला, दरमहा भरायची जीएसटीची विवरणपत्रं, म्हणजे जीएसटीआर-1 पुढच्या महिन्याच्या 11 तारखेच्या आत आणि 3बी 20 च्या आत, जातायत हे कोण बघायचं? मार्केट यार्डात वर्षानुवर्षं हळदीचे सौदे पाहिलेली माणसं ‘अनुभव: नाही’ असं लिहीत होती, का तर हातात पगाराची स्लिप नाही.

चिडलेल्या गिऱ्हाईकाच्या फोनचा सराव मात्र सगळ्यात उपयोगी. ‘पट्टीत वजन चुकलंय’ म्हणून समोरचा ओरडतो, आणि आपला माणूस एकतर लगेच माफी मागतो, नाहीतर ‘मालकांना विचारतो’ म्हणून फोन ठेवतो. पहिल्यात न तपासता चूक कबूल होते, दुसऱ्यात तक्रार हवेत राहते. तुमचा क्रम असा: मध्ये न बोलता ऐका, पट्टीचा नंबर आणि तारीख लिहून घ्या, आकडा परत वाचून दाखवा, मग उत्तराची वेळ सांगा. आणि वेळ पाळता येईल अशीच. ‘पाच मिनिटांत’ म्हणणाऱ्याला तुम्ही खरंच घड्याळ लावून बसवलंत!

सराव मुलाखत आधी मराठीत, मग इंग्रजीत, हेही बरं केलंत. अडचण इंग्रजीची कमी होती. वाक्य सुरू व्हायचं आणि संपायचंच नाही. चाळिशीतल्या माणसासमोर पंचविशीची एचआर मॅडम बसली की तो एकतर ‘बाळा’ म्हणतो नाहीतर खुर्चीच्या काठावर अंग चोरतो. त्यावर तुमचा उपाय साधा: सरळ अहो-जाहो, पाठ टेकवून बसायचं, प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायचा.

सराव मुलाखत बघत बसणाऱ्या निरीक्षकानं ‘छान झालं’ लिहायचं नाही, कुठल्या प्रश्नाला काय घडलं ते लिहायचं, हा तुमचा नियम आम्ही फळ्याशेजारी चिकटवलाय. नव्या तुकडीसाठी तुमच्या त्या निरीक्षण कागदाच्या 40 झेरॉक्स काढल्यात. फक्त शेवटच्या रकान्यातलं तुमचं अक्षर लागत नाही. शनिवारी आलात की तेवढं वाचून दाखवा.

आपले नम्र,
सायंवर्गाचे शिक्षक, सांगली