पक्याचा भाचा घरी आलाय

सुन्या,

आईचा गुडघा तसाच, माझी शुगर गोळीवर आटोक्यात, घरचे बाकी सगळे ठीक. हे तुलाच लिहितोय कारण अण्णाच्या व्यसनाच्या वेळी तू सगळं जवळनं बघितलंयस.

पक्याचा भाचा व्यसनमुक्ती केंद्रातनं घरी आला. संध्याकाळी मंडळाच्या शेडमध्ये येऊन बसला, चेहरा जरा भरलाय, पण दात खायची सवय अजून आहे, बोलता बोलता जबडा आवळतो आणि त्याचं त्यालाच कळत नाही. पोरांनी "काय भावा, बरा ना" विचारलं आणि लगेच मोबाईलमध्ये. तेवढ्यात पलीकडे पानटपरीशी तोच बाईकवाला, ज्याच्याकडनं हा एमडी, म्हणजे ती मेफेड्रोनची नशा, घ्यायचा! मी उठून गेलो तर सटकला. पण मी रोज किती पहारा देणार रे?

2023 मध्ये आपल्या नाशिकजवळ शिंदे गावात एमडीचा कारखाना सापडला, मुंबईचे पोलीस इथं येऊन धाड टाकून गेले, तेव्हा मोर्चे काय, भाषणं काय. आताही नशामुक्त भारतच्या रॅल्या निघतात, शाळेत शपथा होतात, होऊ देत, मी विरोधात नाही. पण पोरगं घरी आल्यावर पुढं कोण? ब्राऊन शुगरवाल्याला निदान गोळी तरी देता येते, एमडीला तशी बदली गोळीच नाही, समोर बसून बोलणारा माणूस हेच औषध. आणि नेमका तोच टिकत नाही. त्याची कौन्सेलर सांगत होती, सरकारी अनुदान हप्त्यानं येतं, आधीच्या खर्चाचं प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचं सुटत नाही, तोवर पगार थकतात, माणूस दुसरीकडे जातो, मग नव्याला पोरानं परत पहिल्यापासून सगळं सांगायचं. अरे, पोस्टरला पैसे आहेत आणि या बाईच्या पगाराला नाहीत, डोकं फिरतं माझं!

म्हणून मिटिंगमध्ये मी म्हटलं, यंदा डीजे नको, ते पैसे फॉलोअपच्या गाडीभाड्याला लावू आणि रविवारी शेडमध्ये आईबापांना बसवू. राजाभाऊ उसळले, "मंडळाला गर्दुल्ल्यांचा अड्डा करायचाय का?" मी म्हटलं, 1986 ला पुण्यात मुक्तांगण उभं राहिलं ते पुलंनी दिलेल्या देणगीच्या आधारावर, सरकारची वाट बघत बसले असते तर? गप्प बसले, पण हो म्हणाले नाहीत. तू असतास तर माईक ओढला असतास, ढोल पथकाच्या वेळी ओढलास तसा (त्या वेळी चूक तुझीच होती, आजही सांगतो).

पक्याची बहीण वेगळीच घाबरलीय, पोलीस पोराला उचलतील म्हणून. तिला सांगितलं, एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात 64अ कलम आहे, नुसता वापरणारा स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यातनं सूट मिळते. 14446 हा हेल्पलाईन नंबरही दिला. पण तिला कायदा नको, सुन्या, तिला कुणीतरी यातनं बाहेर पडलेला समोर बघायचाय.

तर अण्णाला विचार, एका रविवारी येईल का सिडकोत? भाषण नको, फक्त त्या पोराशेजारी चहा पीत बसायचं. जायचं यायचं भाडं आम्ही देऊ. मी थेट फोन केला तर त्याला नाही म्हणता येणार नाही, म्हणून तुझ्यामार्फत.

फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींची बदली, पिंकीची दहावी, सगळं सांग. आणि फोन कर, नुसता अंगठा पाठवू नकोस.

तुझा,
बाळ्या