२१ दिवसांचे तेल आणि आयुर्वेद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘२१ दिवसांत गेलेले केस परत’ अशा जाहिराती हल्ली वृत्तपत्रांत वरचेवर दिसतात आणि त्या आयुर्वेदाच्या नावाने केल्या जातात, याचे मला फार दुःख होते.

माझा २७ वर्षांचा मुलगा हिंजवडीत रात्रपाळी करतो. सकाळी उशीच्या अभ्र्यावर आणि मोरीच्या जाळीवर केसांचे पुंजके दिसू लागल्यावर त्याने अशी तीन तेले एकामागून एक वापरली. गुण आला नाही. अखेर मी त्याला रास्ता पेठेतील एका वैद्यांकडे नेले. त्यांनी तेलाचा विषयही न काढता झोप, कोठा, चहा, घराण्यातील टक्कल आणि जेवताना वरून मीठ घेण्याची सवय यांबद्दल अर्धा तास विचारपूस केली. मिठाचा प्रश्न मला तेव्हा विचित्र वाटला होता; पण मिठाच्या अतिसेवनाने अकाली टक्कल पडते आणि केस पिकतात, असे चरकाचार्यांनी चरकसंहितेच्या विमानस्थान या भागाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. सुश्रुतांच्या मते वातासह बिघडलेले पित्त केस गळवते आणि मग कफ व रक्त रोमकूप, म्हणजे केसांची छिद्रे, बुजवतात, म्हणून तेथे नवा केस उगवत नाही. जागरण आणि तिखट-खारट खाणे वात-पित्ताला खतपाणीच घालते.

मुलाने पाळी बदलून घेतली, लोणचे, पापड, वेफर्स सोडले, आवळा आणि नस्य (नाकात औषधी तेलाचे थेंब सोडणे) सुरू केले. डोक्याला लावायचे तेल आम्ही घरीच केले: एक वाटी तिळाचे तेल, चार वाट्या माक्याचा रस आणि पाव वाटी वाटलेला माका मंद आचेवर ठेवून, तेलाला फेस येईपर्यंत आणि गाळाची वात बोटांत वळून विस्तवावर धरली असता तडतडेनाशी होईपर्यंत आटवायचे. पहिल्या खेपेला घाई केली आणि तेल आठवड्यात आंबले.

आठ महिन्यांनी गळती बरीच कमी झाली आहे. कपाळाच्या दोन्ही बाजू मात्र भरून आलेल्या नाहीत, आणि आनुवंशिक टक्कल पूर्ण भरत नाही, हे वैद्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केले होते. वात, पित्त, कफ या तिन्ही दोषांनी आलेले खालित्य, म्हणजे टक्कल, प्राचीन आयुर्वेदाचार्य वाग्भटांनीही असाध्यच मानले आहे. चकत्या पडून केस जात असतील किंवा थायरॉइडची शंका असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, असेही आमचे वैद्य सांगतात.

केस महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो, मग २१ दिवसांत काय उगवणार? जे रोग बरे करण्याचा दावा औषधांना करता येत नाही, त्यांच्या यादीत, म्हणजे औषधे नियम, १९४५ (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) यांच्या ‘जे’ अनुसूचीत, टकलाचा स्पष्ट उल्लेख आहे. अशी जाहिरात स्वीकारण्यापूर्वी आपल्या जाहिरात विभागाने ही यादी एकदा पाहावी आणि अन्न व औषध प्रशासनाने अशा दाव्यांची दखल घ्यावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे