परसातली भट्टी

टेल्फर्ड, इंग्लंड
१४ सप्टेंबर

तीर्थरूप अण्णांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईला "मनगटाला जरा पोळलंय" एवढंच बोलले. तिनं ते स्वयंपाकावर ढकललं आणि मीही ढकलू दिलं. खरं म्हणजे मी परसात लोहाराची भट्टी मांडली आहे. हे तिला लगेच वाचून दाखवू नका, आधी चहा होऊ द्या.

खूळ लागलं ते या मुलखामुळे. जवळच सेव्हर्न नदीवर १७७९ साली उभारलेला लोखंडी पूल आहे, जगातला पहिला मोठा. त्याच खोऱ्यात कोलब्रुकडेलला अब्राहम डार्बीनं १७०९ मध्ये लाकडी कोळशाऐवजी कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, वापरून लोखंड गाळलं. पूल सगळा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. पण लोखंडाचा एवढा पूल आधी कुणी बांधलाच नव्हता, म्हणून सांधे सुताराचे, लाकडात घालतात तशा खाचा आणि पाचरी! दर रविवारी ते बघून माझे हात शिवशिवायला लागले. वर्तमानपत्रात रोज कुठला ना कुठला प्रश्न ऐरणीवर आलेला वाचायचे, पण ऐरणीला हात कधी लावला नव्हता.

ऐरण इथं महाग. म्हणून जुन्या घणाचं डोकं ओंडक्यात खाच पाडून तोंड वर करून बसवलं. भट्टीला भंगारातला गाडीचा ब्रेक ड्रम आणला, खालून पाइप आणि पाइपाला केस वाळवायचा ड्रायर. पाइप चकचकीत, जस्त चढवलेला होता. शेजारचे आजोबा कुंपणावरूनच "नको, नको" करत आले. जस्त तापलं की पांढरा धूर सुटतो, तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. मुकाट्यानं काळा पाइप आणला.

पहिल्या दिवशी ड्रायरच्या वाऱ्यानं कोळसे तडतडत उडाले आणि सळईचं टोक फुलबाजीसारखं ठिणग्या टाकायला लागलं. मी खूश! बाहेर काढलं तर टोक वाळवीनं खाल्ल्यासारखं. लोखंड तापत नव्हतं, जळत होतं. घाबरून ड्रममध्ये बादलीभर पाणी ओतलं. टण्ण! कडेपासून तळापर्यंत तडा. ड्रमही बिडाचाच. बीड ठिसूळ असतं हे दर रविवारी पुलाशी उभी राहून लोकांना सांगणारी मी, आणि मीच तापल्या बिडावर गार पाणी ओतलं. वाफ आली ती मनगटावर.

दोन दिवस तिकडे फिरकले नाही. मग आपल्या पारापाशी उतरणारे घिसाडी आठवले. त्यांच्याकडे कुठला आला ड्रम? जमिनीत वीतभर खळगा, बाजूनं नळी, नळीला भाता. बाई दोन्ही हातांनी घण घालायची आणि तो सांडशीत फाळ धरून छोट्या हातोड्यानं टक् करून दाखवायचा, पुढचा घाव इथं. तिचा घण बरोबर तिथंच पडायचा. आपण पोरं तो टक् म्हणजे नुसता ताल समजायचो.

मग लाकडी खोकं घेतलं. बागेतल्या चिकण मातीत थोडी वाळू मिसळून ती त्यात ठोकून बसवली, मध्ये ओंजळीएवढा खळगा ठेवला. पाइप बाजूनं आत घेतला, तोंड तळापासून दोन बोटं वर. माती चांगली वाळू दिली, कारण ओली राहिली तर तापल्यावर वाफेनं ढपले उडतात. ड्रायर काढून गादी फुगवायचा हातपंप लावला. लाकडी कोळसा सुपारीएवढा फोडून घालते. मी थांबले की वारा थांबतो, विस्तव निवतो, कोळसा उगाच जळत नाही. सगळा खर्च ड्रमच्या निम्मासुद्धा नाही.

काम संध्याकाळी करते, उन्हात लोखंडाचा रंग दिसतच नाही. घिसाडी पालाच्या सावलीत बसायचे ते ऊन लागतं म्हणून, असं मला वाटायचं. सळई नारिंगी झाली की बाहेर काढायची. हाती सात-आठ घाव, फार तर दहा. मऊ लोखंडाचा आवाज दबका येतो, थप्प थप्प. निवायला लागलं की खणखणतं. तेव्हा हात आवरायचा आणि पुन्हा ताव द्यायचा, नाहीतर तडा जातो. बोटाएवढी सळई निमुळती करायला मला नऊ ताव लागले. घिसाडी दोनात करेल. त्या सळईचा आकडा वाकवून मागच्या दाराला ठोकलाय. छत्री टांगली की एका अंगाला कलते, पण पडत नाही.

आईला सांगा, काम करताना केसांचा अंबाडा घालते, ओढणी घेत नाही, कपडे सुती असतात, डोळ्यांवर चष्मा असतो आणि पाण्याची बादली शेजारी. आता पाणी कशावर ओतायचं नाही ते कळलंय.

एक काम करा. येत्या उन्हाळ्यात घिसाडी आले तर विचारून ठेवा. विळ्याला पाणी देताना, म्हणजे धार कडक करताना, ते फक्त धार बुडवायचे, मग कानशीनं घासून धारेकडे सरकत येणारा रंग बघत बसायचे. कुठल्या रंगावर पुन्हा बुडवतात, गवती पिवळ्या की तांबूस? आणि माळ्यावर आजीचा मूठ नसलेला विळा आहे, तो डिसेंबरमध्ये काकांच्या सामानात द्या. मोठ्या बॅगेत घालायला सांगा, हातातल्या नको.

तुमची,
सुमी