बंड्या, त्या प्लिमथचं इंजिन अजून उतरवू नकोस

ट्रॉय, मिशिगन
२० ऑगस्ट

प्रिय बंड्या,

पत्र आणि फोटो दोन्ही पोचले. उद्यमनगरातल्या तुझ्या शेडमध्ये जुनी अमेरिकन गाडी, प्लिमथ, उभी आहे हे बघून मी ऑफिसातच मोठ्यानं हसलो. बावन्नची, आणि तीही कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जोडलेली! मालकांची फर्माईशही वाचली: जुनं इंजिन काढा, आजचं डिझेल बसवा, एसी टाका, पॉवर स्टिअरिंग करा, आणि दिवाळीनंतर मुलीच्या लग्नाला गाडी दारात हवी. त्याखाली तुझा प्रश्न, "तिकडं अमेरिकेत काय करतात?" उत्तर एका ओळीत देता आलं असतं, पण तुझा माझा स्वभाव तो नव्हे, तेव्हा सहन कर.

जुन्या गाड्या नीट करणाऱ्यांचे इथं दोन पंथ आहेत आणि त्यांचं आपापसात फारसं पटत नाही. दोन्ही एका जागी बघायचे तर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जायचं. १९९५ पासून तिथं जुन्या गाड्यांची ड्रीम क्रूझ भरते. फर्नडेलपासून पॉन्टिॲकपर्यंत साधारण २५ किलोमीटर गाड्या सावकाश फिरत राहतात आणि माणसं कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. साठच्या दशकात याच रस्त्यावर पोरं सिग्नलला शर्यती लावायची. तीच पोरं आता गुडघे धरत त्याच गाड्यांतून उतरतात. गाडी दिसायच्या आधी नुसत्या आवाजावरून इंजिन सांगणारे म्हातारे आहेत इथं, तुझं त्यांच्याशी लगेच जमेल.

मी सुट्टीच्या दिवशी ज्या गॅरेजात लुडबुड करतो, तिथले आजोबा पहिल्या पंथाचे, म्हणजे कारखान्यातून निघाली तशीच गाडी हवी म्हणणारे. सगळी नोकरी टूल-अँड-डायमध्ये, म्हणजे साचे नि हत्यारं बनवण्यात गेली. सध्या त्यांच्याकडं १९६६ ची फोर्ड मस्टँग खोललेली आहे. तिला वेगळी चासी नाही, बॉडीचा पत्रा हाच सांगाडा. समोरच्या काचेखाली एक जाळी असते. तिथून केबिनला हवा जाते आणि पावसाचं पाणीही आत उतरतं. पाणी बाजूनं खाली जायची वाट आहे, पण तिथं पानं नि माती साचते, पत्रा आतून सडतो आणि बाहेरून रंग झकास दिसत राहतो. म्हणून आजोबा मस्टँग बघायला गेले की बॉनेट उघडायच्या आधी बादलीभर पाणी मागतात. ते जाळीत ओततात आणि डॅशबोर्डखाली डोकं घालून पायाजवळच्या गालिच्याला हात लावतात. ओला लागला की भाव तिथंच पडला. तो भाग बदलायचा तर फेंडर उतरवा, काच काढा आणि कारखान्यातले स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिलनं सोडवा. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळं इथल्या गाड्यांची तळाकडून चाळण झालेली असते. उलट ॲरिझोनाच्या वाळवंटातली गाडी, सीट उन्हानं फाटून लोंबत असली तरी, लोक आनंदानं ट्रेलरवर घालून आणतात. सीट काय, शिवून मिळते.

पत्र्यानंतर आजोबा जे करतात ते बघून तू कपाळाला हात लावशील. त्या काळी कारखान्यातले तपासनीस सुट्या भागांवर खडूनं नि रंगानं खुणा करायचे, रंगाचा फवारा नको तिथं उडायचा, सीलर घाईघाईत फासलेला असायचा. जुने फोटो पुढ्यात ठेवून आजोबा तो सगळा गबाळेपणा जसाच्या तसा परत करतात! कॉर्व्हेटवाल्यांची एनसीआरएस नावाची संस्था १९७४ पासून आहे. तिचे परीक्षक गाडी कारखान्यातून बाहेर पडली तशी आहे का, एवढंच बघतात. तू जीव ओतून आरशासारखा रंग दिलास तर गुण कापतील, कारण कंपनीनं तसा कधी दिलाच नव्हता. मला हे थोडं खुळेपणाचं वाटतं. पण त्या खुळेपणामुळं १९६६ साली पाळीवर काम कसं चालायचं ते आज बोट लावून बघता येतं, हेही खरं.

दुसरा पंथ दोन शेड सोडून. तिथं १९५७ ची शेव्हरोले बेल एअर चालू आहे, तीच ती मागं पंख असलेली. हिची बॉडी चासीवर बसवलेली, म्हणून बॉडी उचलायची आणि खाली नवी चासी सरकवायची. वर ६.२ लिटरचं एलएस३ इंजिन, चारी चाकांना डिस्क, आजचा गिअरबॉक्स, एसी, आणि डॅशबोर्ड मात्र दिसायला जुनाच. याला रेस्टोमॉड म्हणतात. आजोबा त्या शेडकडं बघतही नाहीत. मी बघतो, आणि एकदा चालवूनही आलो. मूळ बेल एअरला चारी बाजूंना ड्रम आणि मास्टर सिलिंडर एकेरी, म्हणजे एक नळी फुटली की सगळे ब्रेक गेले. सत्तावन्न सालच्या शेव्हरोले लाखांनी निघाल्या होत्या. त्यांतल्या ज्या गाडीचं स्वतःचं इंजिन केव्हाच भंगारात गेलंय, तिच्यात नवं घातलं म्हणून कुणाचं काय बिघडलं? उलट ती रोज रस्त्यावर येते.

तुझ्या मालकांना दाखवण्याजोगी एक तिसरी जातही आहे: कस्टम. युद्धानंतर लॉस एंजेलिसच्या पोरांनी मर्क्युरी, फोर्ड घेऊन त्यांचे टप कापून खाली बसवले, दारांची हँडलं काढून पत्रा गुळगुळीत केला, दिवे आत ओढले. आजच्यासारखी पुट्टी नव्हती, सांध्यांत शिसं वितळवून भरायचं आणि कानशीनं घासायचं. जॉर्ज आणि सॅम बॅरिस या भावांचं गॅरेज त्यात सगळ्यात गाजलं. त्यांनी १९५३ मध्ये बॉब हिरोहाताची १९५१ ची मर्क्युरी केली, दोन छटांत हिरवी. पुढं ती एका तरुणाला ५०० डॉलरला मिळाली आणि त्यानं ती जन्मभर ठेवली. २०२२ च्या जानेवारीत फ्लोरिडातल्या लिलावात तिला सुमारे २० लाख डॉलर आले. आता लक्ष दे: ती गाडी नीट करताना कुणी कंपनीचं उंच छप्पर परत चढवलं नाही. बॅरिस बंधूंनी कापलेलं छप्पर हेच तिचं मूळ छप्पर झालं. तेव्हा 'मूळ' कुठून मोजायचं, हे ज्याच्या त्याच्या गाडीवर आहे.

आणि किंमत मोजतात ती कागदावर. प्लिमथचंच सांगतो. १९७१ च्या 'कूडा' मॉडेलला ४२६ घनइंचांचं 'हेमी' नावाचं इंजिन आणि उघडं छप्पर अशा गाड्या ११ च निघाल्या. त्यातली एक २०१४ मध्ये सिॲटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. तीच बॉडी साध्या इंजिनासह घे, किंमत कुठल्या कुठं खाली येते. या गाडीच्या चासी नंबरात पाचवं अक्षर 'आर' असेल तरच हेमी. ज्या हॅमट्रॅमिकच्या कारखान्यात ती झाली तो माझ्या घरापासून अर्ध्या तासावर होता, १९८१ मध्ये पाडला. शेव्हरोलेचा घोळ वेगळा. १९७२ च्या आधी तिच्या चासी नंबरावरून व्ही-८ नेमकं कुठलं ते कळत नाही, त्यामुळं साध्या शेव्हेल मॉडेलला बॅज आणि पट्टे लावून 'एसएस', म्हणजे तिची महागडी जोरदार आवृत्ती, म्हणून विकणारे महाभाग भरपूर. म्हणून लोक सीटच्या स्प्रिंगांत नि पेट्रोलच्या टाकीवर अडकून राहिलेला कारखान्याचा कागद शोधत बसतात. इंजिनवरचा नंबर घासून दुसरा ठोकणारेही आहेत. जाणकार नंबर वाचत नाहीत, त्याखालच्या सपाट जागेवर कारखान्याच्या यंत्राचे बारीक चरे शिल्लक आहेत का ते भिंग लावून बघतात.

आता तुझी गाडी. वालचंद हिराचंदांच्या, म्हणजे आपल्या सोलापूरच्या माणसाच्या प्रीमियर कंपनीत १९४७ पासून या गाड्यांची जोडणी होत होती. पुढं पेट्रोल परवडेना म्हणून आपल्याकडच्या कितीतरी प्लिमथ-डॉजमध्ये लोकांनी डिझेल इंजिन ठोकली. तुझ्या फोटोत मात्र सहा सिलिंडरचं फ्लॅटहेड, म्हणजे जुन्या धाटणीचं पेट्रोल इंजिन दिसतंय. ते तिचं स्वतःचं निघालं, तर माझं मत आजोबांच्या बाजूनं. बेल एअरचा न्याय हिला लावायचा नाही. हिच्यासारख्या किती उरल्यात सांग बघू?

मालकांना भावनेनं पटणार नाही, त्यांना नियम दाखव. केंद्र सरकारनं २०२१ च्या जुलैत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी असेल तर 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो. डिझेल बसवलं की तो मान गेला, वर आरटीओची परवानगी काढत फिरा. त्या नंबरावर रोज गाडी वापरता येत नाही म्हणा, पण हे कुठं रोज ऑफिसला नेणार आहेत? मंगल कार्यालय चार किलोमीटरवर आहे. एवढ्यासाठी फ्लॅटहेड बख्खळ झालं.

काम घेतलंसच तर परत काढून ठेवता येईल तेवढंच नवं बसव. सीटचे पट्टे बसव, पंखा बसव. ब्रेकचे सिलिंडर नि रबरं सगळी नवीन, तिथं जुन्याचं कौतुक नको. वायरिंग सहा व्होल्टचं आहे आणि अर्थ पॉझिटिव्ह, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला, तेव्हा बॅटरी जोडताना पोरांना बजावून ठेव. आणखी एक, डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात. तुझा तो नवा पोरगा पाना लावून लटकेल आणि बोल्ट मोडून मोकळा होईल, म्हणून आधीच सांगतो. गॅस्केट आणि पिस्टन रिंगा इथून पाठवायचं माझ्याकडं लागलं. बुश वगैरे तुम्ही उद्यमनगरात लेथवर करालच, त्यात मी अक्कल शिकवायला नको.

आता तू एवढं कर. इंजिनच्या डाव्या बाजूला, पुढं, डायनॅमोच्या वर एक सपाट जागा आहे. तिथं ठोकलेला नंबर 'पी'नं सुरू व्हायला हवा. 'डी' निघाला तर डॉजचं इंजिन आणि 'एस' निघाला तर डी सोटोचं, म्हणजे मधल्या काळात कुणीतरी बदललंय. वायर ब्रश, पॉलिश पेपर काही लावू नकोस, रॉकेलच्या चिंधीनं पुस आणि फोटो काढ. शेजारी आरसी बुकाचं पान ठेव. दोन्ही नंबर जुळले तर मालकांशी मीच फोनवर बोलतो. नाही जुळले तर डिझेलचं बघू, तेव्हा मी आडवा येणार नाही.

काकूंना नमस्कार सांग, वहिनींनाही. गणपतीत गल्लीतल्या मिरवणुकीचा व्हिडिओ पाठवायचं विसरू नकोस, गेल्या वर्षी नुसतं 'पाठवतो' म्हणालास.

तुझाच,
पिंट्या