आयोवा जिंकला म्हणजे उमेदवारी नव्हे

मा. संपादक,
अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागणाऱ्या इच्छुकांच्या चर्चेत आयोवाला, म्हणजे पक्षाची उमेदवार निवड जिथून सुरू होते त्या राज्याला, उगाच वजन दिलं जातं. तिथे 2008 ला हकाबी, 2012 ला सँटोरम, 2016 ला क्रूझ जिंकले. उमेदवारी एकालाही नाही. चर्चवाल्या मतांवर तिथलं निभतं, पुढच्या राज्यांत पैसा आणि माणसं अपुरी पडतात. 2024 ला डीसँटिस यांच्याकडे फ्लोरिडाच्या गव्हर्नरपदाचा 19 टक्के फरकाचा विजय होता, पण ट्रम्प यांचाच मतदार हवा अन् त्यांच्यावर बोलायचं नाही, हे कसं जमावं? त्याच शर्यतीतल्या निकी हेली अपक्ष मतदारांना भावल्या, पक्षातल्यांना नाही. घरच्या साउथ कॅरोलिनातही पडल्या. आयोवा आपल्यासारखाच सोयाबीनचा मुलूख. इच्छुक तिथे आयात शुल्काबद्दल काय कबूल करतात, तेवढं छापा. आमच्या अडत्याच्या तोंडी शिकागोच्या वायदे बाजारातल्या सोयाबीनचाच भाव असतो.

– एक सोयाबीन उत्पादक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ