आल्प्सला कोणत्या महिन्यात यावे?

बर्न,
ऑक्टोबरचा दुसरा रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मंगळवारी मिळाले. पुढच्या वर्षी तू, वहिनी आणि मुले असे सगळेच इकडे येण्याचे ठरवत आहात हे वाचल्यापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. सोबत पाठवलेला सहलीचा कार्यक्रमही बारकाईने वाचला. नऊ दिवसांत पाच देश, त्यात आल्प्ससाठी राखलेला एक दिवस, आणि त्या दिवसात स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोख या बर्फाळ खिंडीला जाऊन परत. यासाठी कोणता महिना चांगला, एवढाच तुझा प्रश्न आहे. त्याचे उत्तर देतोच, पण त्या एका दिवसाबद्दल मला जे वाटते ते आधी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

युंगफ्राउयोखची रेल्वे पाहण्यासारखी आहे, यात शंका नाही. १८९६ साली काम सुरू करून १९१२ साली ३४५४ मीटर उंचीवर गाडी नेली, आणि तीही आयगर व म्योंख या दोन पर्वतांच्या पोटातून बोगदा खणून. वर पोहोचल्यावर समोर आलेच ही सुमारे २० किलोमीटर लांबीची, आल्प्समधील सर्वांत मोठी हिमनदी पसरलेली दिसते. पण ती दिसेल की नाही, हे आकाशावर अवलंबून असते. माझे आईवडील आले तेव्हा मी त्यांना तिकिटे काढून ठरलेल्या दिवशी वर नेले आणि दोन तास आम्ही काचेबाहेर नुसते पांढरे धुके पाहत बसलो. आई काही बोलली नाही, पण परतताना तिने विचारले, "उद्या परत येता येणार नाही का?" त्यांचे विमान दुसऱ्या दिवशी होते. आठ दिवस खालच्या दरीत मुक्काम असता, तर रोज सकाळी वरच्या कॅमेऱ्याचे चित्र पाहून स्वच्छ दिवस निवडता आला असता.

म्हणून माझे म्हणणे असे, की देश कमी कर आणि एकाच दरीत आठवडाभर राहा. ज्या माणसाने माझ्याबरोबर नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढला, त्याने आल्प्स बसच्या खिडकीतून पाहावा हे मला पटत नाही.

दरी कोणती, तर लाउटरब्रुनेन. इंटरलाकेनहून रेल्वेने वीस मिनिटांवर हे गाव आहे. (त्या इंटरलाकेनला यश चोप्रा यांचा पुतळा उभा आहे, त्यामुळे आपल्या पिढीच्या मनातला आल्प्स कोणी रंगवला हे तेथे वेगळे सांगावे लागत नाही.) दोन्ही बाजूंना कोकणकड्याची आठवण व्हावी असे सरळ तुटलेले कडे आहेत आणि त्यांवरून धबधबे कोसळतात. गावाला लागूनच असलेला श्टाउबबाख २९७ मीटर उंचीवरून पडतो, आणि वारा असला तर पाणी तळाशी पोहोचण्याआधीच त्याचे तुषार होऊन जातात. थोडे पुढे ट्र्युमेलबाख आहे. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या तिन्ही पर्वतांच्या हिमनद्यांचे पाणी तेथे डोंगराच्या आत कोरलेल्या वाटेने घुमत खाली येते. कड्याच्या माथ्यावर मुरेन हे गाव १६३८ मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षा जेमतेम आठ मीटर खाली आहे. जेथे आपण देवीला नारळ फोडून उतरायला लागतो, त्या उंचीवर येथे दुकाने आणि बारमाही वस्ती आहे. मुरेनमध्ये बाहेरच्या मोटारी येत नाहीत. खालून रोपवे आणि वरून १८९१ सालापासून धावणारी छोटी रेल्वे, असा प्रवास करून तेथे जाता येते. मुलांना हातात न धरता गावभर सोडता येईल, हे वहिनींना आवर्जून सांग.

आता महिन्यांविषयी. जुलै आणि ऑगस्ट हे चालण्याचे मुख्य महिने. स्वित्झर्लंडभर ६५ हजार किलोमीटरहून अधिक लांबीच्या पायवाटा खुणा करून राखलेल्या आहेत. प्रत्येक फाट्यावर पिवळी पाटी असते आणि तिच्यावर अंतर किलोमीटरमध्ये नव्हे, तर तास-मिनिटांत लिहिलेले असते. नुसती पिवळी खूण असेल तर वाट सोपी. पांढरा-तांबडा-पांढरा पट्टा असेल तर डोंगरी वाट, तेथे चांगले बूट हवेतच. पांढरा-निळा-पांढरा पट्टा दिसला की मुलांना घेऊन परत फिरावे. कुरणातून वाट जाते तेथे गुरांसाठी विजेची तार लावलेली असते. तिचा प्लॅस्टिकचा दांडा धरून आकडा काढायचा, पलीकडे जायचे आणि तो पुन्हा अडकवायचा, हे मुलांचे आवडते काम होईल. वासरे असलेल्या गाईंपासून मात्र लांबूनच जावे. समोरून येणारा प्रत्येक माणूस "ग्रुएसेख" म्हणून अभिवादन करतो. आपल्याकडे वारीच्या वाटेवर "माउली" म्हणतात तसेच ते ऐकताना मला वाटते.

एक चूक माझ्याकडून झाली, ती तू करू नयेस म्हणून लिहितो. पहिल्याच वर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी इंटरलाकेनजवळच्या शीनिगे प्लाटे या डोंगरावरून फाउलहोर्न शिखराकडे एकटाच निघालो. खाली ऊन आणि हिरवे गवत पाहून मी वरच्या वाटेची चौकशीच केली नव्हती. उत्तरेकडच्या एका घळीत वाटेवर जुन्या बर्फाचा वीसेक पावलांचा पट्टा आडवा पसरला होता. अर्ध्यावर पाय निसटला आणि मी दहा-बारा हात घसरत जाऊन दगडांत अडकलो. गुडघा फुटण्यावर निभावले, पण खाली घळ किती खोल आहे ते मी त्यानंतर पाहिले. वरच्या वाटा जुलै उजाडल्याशिवाय मोकळ्या होतात असे धरून चालू नये.

माझा स्वतःचा आवडता महिना सप्टेंबर आहे. गर्दी ओसरलेली असते, हवा स्वच्छ असते आणि जूनमध्ये वर गेलेली गुरे फुलांनी सजून, गळ्यात मोठ्या घंटा बांधून खाली उतरतात. गेल्या महिन्यात मी थुनच्या तळ्यावरील युस्टिस्टाल या दरीत चीजची वाटणी पाहायला गेलो होतो. अनेक मालकांच्या गाई उन्हाळाभर एकत्र चरतात, त्यांच्या दुधाचे चीज वरच होते आणि कोणाच्या गाईने किती दूध दिले त्या हिशेबाने ते शेवटी वाटले जाते. लाकडी कोठारांतून गुळाच्या ढेपांसारख्या चीजच्या ढेपा हातोहात बाहेर येतात, त्यांच्या चळती लागतात आणि कोणती चळत कोणाची हे चिठ्ठ्या टाकून ठरते. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आपल्या वाट्याच्या ढेपेवर बोटाच्या पेराने टकटक केली, आवाज ऐकला आणि समाधानाने मान हलवली. एक किलो चीजला सुमारे दहा लिटर दूध लागते. म्हणजे त्या एका ढेपेत त्याच्या गाईंचे कितीतरी दिवस होते. आपल्या गावच्या खळ्यावर धान्याचे वाटे घालताना माझे आजोबा अशीच मान हलवत असत.

ऑक्टोबरनंतर खालच्या मुलखावर धुके साचते आणि बर्नमध्ये दिवसचे दिवस ऊन दिसत नाही. पण रेल्वेने तासाभरात वर गेले, की ढगांचा समुद्र पायाखाली आणि आपण उन्हात असतो. नोव्हेंबर व एप्रिल टाळ. त्या दिवसांत अनेक रोपवे दुरुस्तीसाठी बंद असतात.

हिवाळा म्हणजे केवळ स्कीइंग, असा आपला समज असतो. मुरेनचे नाव स्कीइंगच्या इतिहासात मोठे आहे, आणि लाउटरब्रुनेनच्या वरच्या अंगाला असलेल्या वेंगेन गावाच्या लाउबरहोर्न उतारावर १९३० सालापासून शर्यती होतात. पण मी स्की न लावताही येथला हिवाळा भरपूर अनुभवला आहे. बर्फ दाबून पायी चालण्याच्या वाटा तयार केलेल्या असतात आणि त्यांच्या पाट्या गुलाबी असतात. शेजारच्या दरीतल्या ग्रिंडेलवाल्ड गावात फाउलहोर्नवरून गावापर्यंत १५ किलोमीटरची स्लेजची, म्हणजे बर्फावरून घसरणाऱ्या बैठ्या गाडीची, वाट आहे. रोपवेने फर्स्ट या वरच्या स्थानकाला जायचे आणि तेथून स्लेज दोरीने ओढत अडीच तास चढायचे. वर पोहोचून स्लेजवर बसतो तेव्हा पावलांचा आवाजही थांबलेला असतो आणि समोर आयगर उन्हात उभा असतो. त्याच गावात १९११ सालापासून लाकडी बर्फसायकल आहे, तिला चाकांऐवजी घसरपट्ट्या असतात. तुझा धाकटा तिच्यावरून उतरणार नाही. हिमस्खलनाचा धोका पाच पायऱ्यांत रोज जाहीर होतो. राखलेल्या वाटा सोडल्या नाहीत, तर पर्यटकाला फारसे भय नाही.

एक गोष्ट मुलांना मुद्दाम दाखव. ग्रिंडेलवाल्डची खालची हिमनदी एकोणिसाव्या शतकात गावाजवळ उतरलेली होती. आज तेथे उघड्या खडकाची घळ उरली आहे. जुन्या चित्राशेजारी ती घळ पाहिली, तेव्हा मला बराच वेळ काही बोलता आले नाही. हे डोंगर आहेत तसे राहणार नाहीत, म्हणूनही मुलांनी ते पायी पाहावेत अशी माझी तळमळ आहे.

मुलांच्या सुट्ट्यांचा विचार केला, तर दिवाळीत येऊ नकोस आणि नाताळात गर्दी व भाडी दोन्ही जड जातील. मेच्या अखेरीस निघून शाळा उघडण्याआधी जूनच्या मध्याला परत जा. वरच्या वाटांवर तेव्हा बर्फ असेल, पण तो वितळत असल्याने धबधबे भरलेले असतात, खालची कुरणे फुलांनी भरतात आणि दरीतल्या वाटा चालायला मोकळ्या असतात. सप्टेंबर आपण दोघे पुढे कधीतरी करू.

राहायला हॉटेल घेऊ नका. स्वयंपाकघर असलेले बिऱ्हाड भाड्याने मिळते, पण बहुधा शनिवार ते शनिवार, तेव्हा विमानाच्या तारखा त्या हिशेबाने काढ. रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून पहिल्या दिवसाचा शिधा मी भरून ठेवीन. डिसेंबरपूर्वी तारखा कळव, म्हणजे मुरेनमध्ये युंगफ्राउ समोर दिसेल अशी जागा धरता येईल.

तुझ्या आईंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद. येताना आईंच्या हातचा गोडा मसाला अर्धा किलो तरी आण.

तुझा,
जुना सोबती